घरी चीज करायला परवडणारं दूध कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी चेडर आणि मोझरेला करायचं आहे. गोठ्यावरचं ताजं दूध महाग पडतं म्हणून दुकानातलं सगळ्यांत स्वस्त दूध आणलं, पण रेनेट (दूध गोठवणारं विकराचं द्रावण) घालून तासभर थांबूनही ते धड गोठलं नाही. सुरी फिरवल्यावर वड्या पडण्याऐवजी सगळं ढासळलं. मग स्वस्त दुधाचं चीज होतच नाही का? आणि दुधाची पावडर वापरून काम भागेल का?

स्वस्त दुधाचं चीज होतं, आणि चांगलं होतं. पण कोणतं दूध स्वस्त, हे लिटरच्या भावावरून कळत नाही. एक किलो चीज हातात पडेपर्यंत दुधाला किती पैसे गेले, तो खरा भाव. आणि हा भाव तुम्ही कोणतं चीज करणार त्यावर बदलतो. पनीरला जे दूध सगळ्यांत फायद्याचं, ते चेडरला फुकट मिळालं तरी परवडणार नाही, कारण त्यासोबत रेनेट, विरजण आणि तुमचा अख्खा दिवस वाया जातो. म्हणून आधी चीज ठरवा आणि मग दूध शोधा. बहुतेक नवशिके आधी दूध आणतात आणि मग त्याचं काय करता येईल ते बघतात.

तुमचं दूध का गोठलं नाही ते आधी सांगतो, कारण ते कळलं की दुकानात उभं राहून निम्मी निवड आपोआप होते.

दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण 77 ते 80 टक्के केसिन असतं, बाकीची व्हे प्रथिनं. केसिनचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर कप्पा-केसिनची लव असते. या लवेमुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेटमधलं कायमोसिन नावाचं विकर ही लव कापून टाकतं. मग कॅल्शियमच्या साथीने गोळे एकमेकांना धरतात, त्यांचं जाळं तयार होतं, आणि त्या जाळ्यात फॅट आणि पाणी अडकतं. आपण ज्याला कर्ड म्हणतो ते हेच. आता दूध फार तापवलं तर काय होतं? व्हे प्रथिनांमधलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडतं आणि नेमकं कप्पा-केसिनला जाऊन चिकटतं. मग रेनेटचं काम अडखळतं, आणि लव कापली गेली तरी गोळ्यांना एकमेकांच्या जवळ येता येत नाही. कर्ड होतं, पण मऊ, दाणेदार, निवळी (कर्डमधून सुटणारं पाणी, म्हणजेच व्हे) न सोडणारं. तुम्ही सांगता ते चित्र अगदी असंच आहे.

म्हणजे पहिला प्रश्न दूध किती तापवलंय हा. साधं पाश्चरायझेशन दोन पद्धतींनी होतं: 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं, किंवा 72 अंशांना 15 सेकंद. एवढ्या उष्णतेने व्हे प्रथिनांना फारसा धक्का लागत नाही आणि असं दूध चीजला चालतं. यूएचटी दूध मात्र 135 अंशांच्या वर काही सेकंद नेलेलं असतं. खोक्यात बंद करून महिनोन्महिने फ्रिजबाहेर ठेवतात ते हे दूध. रेनेट घालून करायच्या कोणत्याही चीजसाठी ते बाद समजा. त्यात कॅल्शियम क्लोराइड घाला, रेनेट दुप्पट करा, काहीही उपयोग होत नाही, कारण अडचण कॅल्शियमची नाहीच.

फसगत होते ती या दोन टोकांच्या मधल्या दुधात. काही दूध फ्रिजमध्येच ठेवलेलं असतं, दिसायला साधं ताजं दूध, पण टिकण्याची मुदत तीन-चार आठवड्यांची. ते यूएचटीइतकं नाही तरी नेहमीच्या पाश्चरायझेशनपेक्षा बरंच जास्त तापवलेलं असू शकतं. आणि काही डेअऱ्या पाकिटावर नुसतं ‘पाश्चराइज्ड’ लिहितात, पण जास्त टिकावं म्हणून 72 ऐवजी 78 किंवा 80 अंशांपर्यंत नेतात. हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. म्हणून माझा नियम असा: पाकिटावर सगळ्यांत आधी मुदत बघायची. आठवडा-दहा दिवसांची असेल तर घेऊन बघण्यासारखं. त्याहून खूप लांबची असेल तर रेनेटच्या चीजसाठी ते दूध घ्यायचं नाही.

आणि घेऊन बघायचं म्हणजे खरोखरच बघायचं, अर्ध्या लिटरवर. नवीन ब्रँडचं पाच लिटर दूध थेट पातेल्यात ओतू नका. चाचणी अशी करा. अर्धा लिटर दूध 32 अंशांपर्यंत कोमट करा. रेनेट इतकं कमी मोजता येत नाही, म्हणून आधी ते पातळ करून घ्यायचं. समजा तुमच्या बाटलीवर 5 लिटरला 1 मिली असं प्रमाण आहे, तर 1 मिली रेनेट 9 मिली उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, आणि त्यातलं 1 मिली या अर्ध्या लिटरला घाला. नळाचं पाणी थेट वापरू नका, क्लोरीन रेनेटला मारतं. पातळ केलेलं रेनेट लगेच वापरायचं, ते ठेवलं की त्याचा जोर जातो. घातल्यावर अर्धा-पाऊण मिनिट ढवळा, दूध हलायचं थांबवा आणि एक हलकी प्लास्टिकची वाटी दुधावर अलगद तरंगत सोडा. दर मिनिटाला ती बोटाने जराशी फिरवा. सुरुवातीला ती सहज गिरकी घेईल. मग एका क्षणी जड होईल, आणि पुढच्या खेपेला बोट लावलं तरी जागची हलणार नाही. घड्याळ बघा. 10 ते 15 मिनिटांत वाटी अडली तर दूध उत्तम. 20-25 मिनिटं लागली तर कॅल्शियम क्लोराइड घालून पुन्हा बघा. आता वाटी काढून घ्या आणि रेनेट घातल्यापासून पाऊण तास पूर्ण होईपर्यंत दुधाला हात लावू नका. मग सुरीचं पातं तिरकं खुपसून हळूच वर उचला. कर्ड सरळ रेषेत फाटलं, कडा धारदार दिसल्या आणि चिरेत हिरवट-पिवळी स्वच्छ निवळी साचली, तर त्या दुधाला मोठ्या पातेल्यात जागा द्या. कडा चुरल्या आणि चिरेत पांढुरकं पाणी आलं, तर ते दूध पनीरला ठेवा. अर्ध्या लिटरच्या खर्चात पाच लिटरचं नुकसान टळतं, आणि एकदा पास झालेला ब्रँड सहसा पुढेही चालतो. (सहसा म्हणतो, कारण ऋतू बदलला, जनावरांचा चारा बदलला की दूधही थोडं बदलतं. वर्षातून दोन-तीनदा ही चाचणी पुन्हा करावी.)

कॅल्शियम क्लोराइडबद्दल एवढंच की पाश्चरायझेशन आणि थंड साठवण या दोन्हींत दुधातल्या कॅल्शियमचा समतोल ढळतो आणि कर्ड नरम पडतं. खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड लिटरला 0.2 ग्रॅम, म्हणजे 5 लिटरला 1 ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून रेनेटच्या आधी घाला आणि नीट ढवळा. जास्त घातलं तर चीज कडवट लागतं. दुकानच्या दुधाला मी ते नेहमीच घालतो. खर्च नगण्य आणि फरक लगेच दिसणारा. फक्त ताणून करायच्या मोझरेलाला हात आखडता ठेवावा, कारण कॅल्शियम जास्त झालं की ताण नीट येत नाही.

आता होमोजनायझेशन. याची भीती गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. ऑगस्त गोलँ या फ्रेंच माणसाने 1899 मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं. दूध प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून ढकलायचं, म्हणजे सरासरी तीन-चार मायक्रॉनचे फॅटचे थेंब फुटून एक मायक्रॉनपेक्षा बारीक होतात आणि साय वर येत नाही. पण थेंब फुटले की त्यांचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि तो झाकायला केसिन खर्ची पडतं. जाळं विणायला केसिन कमी उरतं, म्हणून कर्ड नाजूक होतं आणि पाणी जास्त धरून ठेवतं.

पण नाजूक म्हणजे निरुपयोगी नव्हे. होमोजनाइज्ड दुधाचं कर्ड थोडं मोठ्या तुकड्यांत कापा, कापल्यावर पाच ते दहा मिनिटं अजिबात हात लावू नका, मग अगदी हळू ढवळा आणि तापमान घाईने चढवू नका. एवढं सांभाळलं की फेटा, कॅमेम्बर्टसारखी मऊ चीज आणि ताजी चीज व्यवस्थित होतात. निळ्या बुरशीच्या चीजसाठी तर काही उत्पादक मुद्दाम होमोजनाइज्ड दूध किंवा क्रीम वापरतात, कारण बारीक थेंबांतल्या फॅटवर विकरांचं काम जोरात चालतं आणि त्या चीजची तिखट चव त्यातूनच येते. चेडर होतं, पण पोत थोडा भुसभुशीत येतो. सगळ्यांत जास्त अडचण येते ती मोझरेलाला: ताण कमी येतो, तुटक येतो. तेव्हा तुमच्या यादीतलं मोझरेला हेच असं चीज आहे ज्यासाठी होमोजनाइज न केलेलं दूध शोधण्याचे कष्ट घ्यावेत. घरी आणून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवल्यावर वर सायीचा थर आला तर दूध होमोजनाइज केलेलं नाही. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ही खूण पक्की.

आता पैशांकडे येऊ.

चीज म्हणजे मुख्यतः फॅट, केसिन आणि पाणी. दुधातली साखर आणि व्हे प्रथिनं बहुतेक सगळी निवळीत जातात. लुशियस व्हॅन स्लाइक या अमेरिकन दुग्धरसायनतज्ज्ञाने चेडरसाठी एक सूत्र मांडलं होतं, ते आजही वापरतात. शंभर किलो दुधातून किती किलो चीज मिळेल ते त्यातून कळतं. फॅटच्या टक्क्यांना 0.93 ने गुणा, कारण सुमारे 7 टक्के फॅट निवळीत जातं. त्यात केसिनचे टक्के मिळवा, 0.1 वजा करा, आलेल्या आकड्याला 1.09 ने गुणा, आणि चीजमध्ये जितका भाग पाणी नसतो त्याने भागा. चेडरमध्ये 37 टक्के पाणी धरलं तर 0.63 ने भागायचं. पाकिटावर केसिन लिहिलेलं नसतं, प्रथिनं असतात. त्यांच्या सुमारे 77 टक्के केसिन धरा.

गाईचं पूर्ण मलईचं दूध घ्या: फॅट 3.6, प्रथिनं 3.3. हिशोब बरोबर 10 किलोवर येतो. म्हणजे दहा लिटरला साधारण एक किलो, जो अनुभवही सांगतो. आता अर्ध्या मलईचं दूध घ्या: फॅट 1.5, प्रथिनं 3.4. उत्तर येतं 6.8 किलो. हे दूध पूर्ण मलईच्या दुधापेक्षा 20 टक्के स्वस्त मिळालं तरी किलोमागे चीज सुमारे 18 टक्के महाग पडलं! शिवाय ते चिवट, रबरासारखं होणार ते वेगळंच. म्हशीचं दूध घ्या, फॅट 7, प्रथिनं 4.2: उत्तर 16.7 किलोच्या आसपास. सूत्र गाईच्या दुधावर बसवलेलं असल्याने हा आकडा ढोबळ धरा, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे. म्हशीचं दूध दीडपट महाग मिळालं तरी किलोच्या हिशोबात ते स्वस्तच. मेंढीच्या दुधाचंही तसंच. बकरीचं दूध मात्र घटकांच्या बाबतीत गाईच्या जवळपास असतं, त्याचं कर्ड नरम येतं आणि बाजारात भाव जास्त असतो. ते चवीसाठी घ्यावं, बचतीसाठी नाही.

दुकानात उभं राहून एवढं गणित कोण करणार? त्यासाठी सोपी रीत: पाकिटावरचे फॅट आणि प्रथिनांचे आकडे मिळवा, आणि दुधाच्या भावाला त्या बेरजेने भागा. ज्या दुधाचं उत्तर सगळ्यांत लहान, ते चीजसाठी सगळ्यांत स्वस्त. वरच्या तीन दुधांना हे करून बघा, क्रम तोच लागतो.

या हिशोबात एक गोष्ट मात्र धरलेली नाही: फॅट आणि केसिन यांचं एकमेकांशी प्रमाण. चेडरला एक भाग फॅटमागे सुमारे 0.7 भाग केसिन असावं लागतं, आणि गाईचं पूर्ण मलईचं दूध नेमकं तिथे बसतं. म्हशीच्या दुधात हे प्रमाण 0.46 च्या आसपास येतं, म्हणजे फॅट इतकं जास्त की जाळ्यात मावत नाही, निवळी दुधाळ होते आणि पैसे मोजलेलं फॅट वाहून जातं. इथे बचतीची चांगली संधी आहे. म्हशीचं एक लिटर आणि मलई काढलेलं एक लिटर दूध मिसळा. फॅट साडेतीनच्या आसपास येतं, केसिन 2.9, प्रमाण 0.8 च्या थोडं वर. मलई काढलेलं दूध सहसा सगळ्यांत स्वस्त मिळतं, आणि म्हशीच्या दुधातलं जास्तीचं फॅट त्याच्या वाट्याला येतं. मिश्रणाचं कर्ड घट्ट असतं, हाताळायला सोपं. मोझरेलाला, आणि मुरवून किसायच्या घट्ट चीजला, मला हे मिश्रण मनापासून आवडतं. घट्ट चीजला फॅट थोडं कमीच लागतं. पार्मिजानो रेज्जानो हे इटलीचं घट्ट चीज करताना संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्याची साय काढतात आणि मग त्यात सकाळचं पूर्ण दूध मिसळतात. तेव्हा कमी फॅटचं दूध हलक्या प्रतीचं असतं असं नाही, त्याचं चीज वेगळं असतं. फक्त मिश्रणातलं मलई काढलेलं दूधही साधं पाश्चराइज्डच हवं, यूएचटी नको.

पावडरचं उत्तर याच वाटेवर मिळतं. स्किम मिल्क पावडरमध्ये सुमारे 35 टक्के प्रथिनं असतात आणि ती होमोजनाइज केलेल्या फॅटपासून मुक्त असते. म्हणून पावडरचं दूध अधिक साधं पाश्चराइज्ड क्रीम हे मिश्रण कित्येकदा दुकानातल्या होमोजनाइज्ड दुधापेक्षा चांगलं कर्ड देतं. 4 लिटरचं प्रमाण सांगतो. 325 ग्रॅम पावडर साधारण 3.3 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात गुठळी न ठेवता मिसळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पावडरमधल्या केसिनला पाणी पूर्ण शोषायला वेळ लागतो. ताबडतोब वापरलं तर कर्ड पिठूळ येतं. सकाळी त्यात 35 टक्के फॅटचं 400 ग्रॅम क्रीम घाला, हलक्या हाताने मिसळा. साडेतीन टक्के फॅटचं दूध तयार. क्रीम यूएचटी असलं तर एक वेळ चालतं, कारण केसिनचा मोठा वाटा पावडरीतून येतो. कॅल्शियम क्लोराइड मात्र विसरू नका.

अट एकच आणि ती कडक: पावडर कमी उष्णतेवर केलेली हवी. पावडरही तापवूनच होते, आणि बेकरीसाठी केलेली काही पावडर मुद्दाम भरपूर तापवलेली असते. तिचं दूध रेनेटने गोठणार नाही, यूएचटीसारखंच वागेल. पाकिटावर हे क्वचितच लिहितात, म्हणून पावडरलाही वाटीची चाचणी लावा. ती पास झाली, तर पावडर हा सगळ्यांत खात्रीचा स्वस्त मार्ग आहे: टिकते, भाव उतरल्यावर साठवता येते, आणि दर वेळी दूध तसंच मिळतं. चव ताज्या दुधाच्या तोडीची येत नाही. मुरवायच्या चीजमध्ये तो फरक बराच झाकला जातो, ताज्या मोझरेलात जाणवतो.

साध्या दुधात थोडी पावडर घालून उतारा वाढवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. लिटरला 20-30 ग्रॅम पनीर किंवा दह्याच्या चीजला ठीक आहे. चेडरमध्ये मी घालणार नाही. पावडरीत निम्मी लॅक्टोज (दुधातली साखर) असते, विरजणाला खाद्य जास्त मिळतं, आंबटपणा हाताबाहेर जातो आणि चीज ठिसूळ होतं.

आता तुमच्याकडे उरलेल्या त्या न गोठणाऱ्या दुधाचं काय करायचं? फेकू नका. जी चीज उष्णता आणि आम्ल यांनी होतात, म्हणजे पनीर आणि दुधाचं रिकोटा, तिथे जास्त तापवलेलं दूध अडचण करत नाही. व्हे प्रथिनं केसिनला चिकटलेली असतात ती इथे फायद्याची, निवळीत जाण्याऐवजी चीजमध्येच राहतात. यूएचटी दुधाचं दही लावून, कापडात टांगून केलेलं मऊ चीज फार चांगलं होतं. त्या दुधात दुसरे जंतू नसल्याने विरजण बिनविरोध वाढतं. म्हणजे यूएचटी दूध सवलतीत मिळालं तर घ्यायला हरकत नाही, फक्त त्यातून काय करायचं ते घेतानाच ठरलेलं हवं.

मुदत संपत आलेलं, भाव उतरवलेलं ताजं दूध ही गोष्ट निराळी. थंडीतही वाढणारे स्युडोमोनाससारखे जंतू दुधात असले तर ते प्रथिनं आणि फॅट तोडणारी विकरं सोडतात. त्यातली बरीच विकरं पाश्चरायझेशनलाही दाद देत नाहीत. दूध जुनं होत जातं तशी ती आपलं काम करत राहतात. दूध पिऊन बघितलं तर काही कळणार नाही. पण त्याचं चेडर करून तीन महिने मुरवलं तर कडू किंवा खवट निघू शकतं, आणि तेव्हा दुधाचे वाचलेले पैसे आठवून उपयोग नसतो. मुरवायच्या चीजला दुकानातलं सगळ्यांत ताजं दूध घ्या, त्या दिवशीच वापरा. सवलतीचं दूध त्याच दिवशी खायच्या पनीरला. एका पळीत थोडं उकळून बघा: न फाटता उकळलं आणि वासाला-चवीला स्वच्छ असलं तर वापरा.

काही लेबलांवर जास्तीचे पैसे घालवायची गरज नाही. ए-टू दूध (ज्यात बीटा-केसिन या प्रथिनाचा फक्त ए-टू प्रकार असतो) वापरलं म्हणून चीज जास्त चांगलं होतं असं नाही. सेंद्रिय म्हणजे जनावर कसं पाळलं याची माहिती, दूध किती तापवलं याची नाही. कित्येक सेंद्रिय दुधं जास्त तापवलेलीच असतात. लॅक्टोजमुक्त दूधही बहुधा जास्त तापवलेलं असतं, आणि मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज तसंही जवळजवळ उरत नाही. जीवनसत्त्वं घातलेल्या दुधाने काही बिघडत नाही. सोया, बदाम, ओट यांच्या ‘दुधात’ केसिन नसतं, तिथे रेनेटला कापायला काहीच नाही.

गोठ्यावरचं कच्चं दूध तुम्हाला महाग पडतं म्हणालात. वर सांगितलेला भागाकार त्यालाही लावून बघा. ते होमोजनाइज केलेलं नसतंच, त्यामुळे दूध घट्ट असेल तर मोझरेलासाठी ते कदाचित परवडेल. विकणाऱ्याकडे घाऊक भाव मागा. पाच-दहा लिटर एकदम आणि ठरलेल्या दिवशी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बहुतेक जण सवलत देतात. दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. एक, जनावराला प्रतिजैविकं चालू आहेत का. त्यांचा अंश दुधात असला की विरजण मरतं, आणि दूध चांगलं दिसत असूनही आंबटपणा वाढतच नाही. शंका असेल तर कपभर दुधाचं दही लावून बघा. दुसरी, जनावर नुकतं व्यायलं आहे का किंवा कासेला सूज आहे का. दोन्हींत दुधाची घडण बदलते आणि कर्ड बिघडतं.

कच्चं दूध तसंच वापरू नका. ब्रुसेला, लिस्टेरिया, साल्मोनेला, क्षयाचे जंतू यांतलं काहीही स्वच्छ दिसणाऱ्या दुधात असू शकतं. ताज्या आणि मऊ चीजमध्ये त्यांना वाढायला पूर्ण वाव मिळतो, आणि गर्भवती, लहान मुलं, म्हातारी माणसं यांच्यासाठी हे जिवावर बेतू शकतं. घरीच पाश्चराइझ करा: पातेलं दुसऱ्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून, सतत ढवळत, दूध 63 अंशांना पूर्ण 30 मिनिटं ठेवा, मग पातेलं थंड पाण्यात ठेवून ते झटपट गार करा. चांगला तापमापक हवाच. इकडे 63 च्या खाली गेलात तर जंतू उरतील, तिकडे विसरून 80 वर गेलात तर ज्या दुधासाठी जास्तीचे पैसे मोजले ते दुकानच्या न गोठणाऱ्या दुधासारखं होईल.

स्वस्तात मिळालं म्हणून गाईचं दूध फ्रीझरमध्ये बर्फ करून साठवू नका. बर्फाच्या स्फटिकांनी फॅटचे थेंब फुटतात, प्रथिनांची घडी बिघडते, आणि रेनेटचं कर्ड विरविरीत येतं. पनीरला चालेल. त्यापेक्षा निवळी वापरा, तीही दुधाच्याच पैशांत आलेली असते. चेडर किंवा मोझरेलाची गोड निवळी त्याच दिवशी 85 ते 90 अंशांपर्यंत तापवली, थोडं आम्ल घातलं, की व्हे प्रथिनांचं मऊ रिकोटा वर येतं. ते थोडंच निघतं, पण दुधाचा खर्च तेवढाच कमी होतो. पनीरच्या निवळीतून मात्र काही निघत नाही, कारण तिथली प्रथिनं आधीच पनीरमध्ये गेलेली असतात.

तुमच्या दोन चीजांपुरतं सांगायचं तर सध्या चेडरसाठी कमी मुदतीचं, पूर्ण मलईचं, वाटीच्या चाचणीत पास झालेलं दुकानचं दूध कॅल्शियम क्लोराइड घालून वापरा. मोझरेलासाठी म्हशीचं दूध आणि मलई काढलेलं दूध निम्मं-निम्मं घेऊन एकदा करून बघा. म्हशीचं मिळत नसेल तर पावडर आणि क्रीमचं मिश्रण.

वाटीची चाचणी केल्यावर वाटी किती मिनिटांत अडली, दुधाची मुदत किती होती आणि फॅट-प्रथिनांचे आकडे काय होते ते कळवा. त्यावरून रेनेटचं प्रमाण आणि कापण्याची वेळ सांगता येईल.